भुरीचं वय, बांड्याचा खांदा

बाबा,

भुरीचं ऑपरेशन परवा झालं. भुरी म्हणजे आमच्या घरची कुत्री. तिचं खरं नाव काहीतरी इंग्रजी आहे, माझ्या मुलीनं ठेवलेलं. पण तुम्ही जनावराला कधी नावानं हाक मारली नाही, रंगानंच मारली, म्हणून तुम्हाला सांगताना मी भुरीच म्हणते. आत्ता ती माझ्या पायाशी पोत्यावर झोपली आहे. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा भोंगा घातलाय. आतबाहेर करताना तो भोंगा चौकटीला आपटतो आणि ती माझ्याकडे अशी बघते की चौकट मीच मध्ये सरकवली. कुत्रीला दवाखान्यात नेऊन तिचं पोरं न होण्याचं ऑपरेशन करतात हे ऐकून तुम्ही काय म्हटलं असतं, मला माहीत आहे. काही म्हटलं नसतं. पान लावत बसले असते आणि गालात हसले असते. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहायला बसले ती कुत्रीपायी, याची मला जरा लाजच वाटते.

झालं असं की मुलीनं हे पिल्लू साकोलीच्या बसस्टँडमागून उचलून आणलं आणि महिनाभरात स्वतः नोकरीला नागपूरला निघून गेली. पिल्लू राहिलं आमच्याकडे. लस द्यायला नेलं तेव्हा तिथली डॉक्टर, माझ्या मुलीहून चारपाच वर्षांनीच मोठी असेल, तिनं विचारलं, "वय किती आहे, ताई?" मी भुरीचं तोंड धरलं, अंगठ्यानं ओठ वर केला आणि म्हटलं, "दुधाचे सगळे पडले. सुळे नवे आहेत. सहा महिने भरत आले." डॉक्टरीण बघतच राहिली. म्हणाली, "तुम्ही तर माणसांच्या नर्स ना? हे कुठं शिकल्या?" मी म्हटलं, बाबांकडे. एवढंच म्हटलं. पुढचं सांगायला गेले असते तर तिची दुपार गेली असती.

आपल्या सानगडीत तुम्हाला लोक दोन गोष्टींसाठी ओळखायचे. एक, तुमचा राग आवाजात कधी यायचा नाही. आणि दुसरी, गोऱ्ह्याला खच्ची कधी करायचं ते तुम्ही सांगायचे. धान निघालं, शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्या, की लोक आपापले गोऱ्हे दाव्याला धरून आपल्या अंगणात आणायचे. तुम्ही हातातलं काम ठेवून उठायचे. एका हातानं नाकपुड्या धरायच्या, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं खालचा ओठ ओढायचा. "अदात हाये, दुधाचेच दात. घेऊन जाय याले." किंवा, "दोन दात लावले यानं. पन मान नाई भरली अजून. थांब जरासा." मग मानेवरून, वशिंडावरून हात फिरवायचे, आई कणकेचा गोळा दाबून पाहते तसा. लवकर केलं तर गोऱ्हा उंच होतो, पाय लांबतात, पण मान बारीक राहते आणि जू खांद्यावर बसत नाही, घासतं. उशीर केला तर तो माजतो, माणसावर धावतो, आणि त्याला त्रासही जास्त होतो. दोन्हींच्या मधला काळ थोडा असतो, आणि तो प्रत्येक जनावराचा वेगळा असतो, हे तुम्ही ज्याला त्याला सांगायचे. एकानं विचारलं होतं, "पन महिने किती धराचे?" तुम्ही म्हटलं, "महिने कायले धरतं? त्याले पाह्य ना."

तुम्ही हो म्हटल्यावर मग जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर फटफटीवर यायचे, लोखंडी चिमटा घेऊन. त्यांची नि तुमची चांगली गट्टी होती. गावात ते कुणाच्या अंगणात बसले नाहीत, आपल्याकडे मात्र चहा घ्यायचे, तुमच्या पानदानातलं पान खायचे. दुसऱ्याच्या घरचं जनावर असलं तरी आधी विचारायचे, "यांनी दात पाहिले का?" चिमटा निघाला की बायापोरींनी आत जायचं, असा नेम होता. तो कुणी केला ठाऊक नाही, पण पाळायचे सगळे. आई मला आत ओढून न्यायची आणि मी दाराच्या फटीतून बघायची. फटीतून दिसायचं काहीच नाही, फक्त चार माणसांच्या पाठी.

आता बांड्याचं सांगते. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तो तुमचाच. आपल्याच गाईचा, पांढऱ्यावर तांबडे चट्टे, कपाळ निम्मं तांबडं. आपल्या काळ्या बैलाला जोडी म्हणून तुम्ही त्याला वाढवत होते. तुम्ही आईला म्हणायचे, दोघं एका मापाचे होतील पाह्य, जू सुतात राहील. मी तेव्हा तेरा वर्षांची, आठवीत. शाळेतून आल्यावर गुरं तलावावर नेऊन पाणी पाजून आणणं माझ्याकडे. काळा गरीब होता. बांड्या मला मोजायचाच नाही. एक दिवस तलावाच्या पाळीवर त्यानं मला मागून धडक दिली. मी पाळीवरून खाली चिखलात. शाळेचा स्कर्ट कमरेपासून फाटला, आणि माझ्या वर्गातल्या पोरी पलीकडे कपडे धुत होत्या. गुडघा फुटला त्याचं काही वाटलं नाही, पण त्या हसल्या ते मला आठ दिवस झोपेत ऐकू येत होतं. तुम्हाला मी पडले एवढंच सांगितलं. त्यानंतर बांड्याजवळ जाताना मी दावं लांबूनच धरायची. ते त्याला कळायचं आणि तो मान खाली घालून फुसफुसायचा. मी देवाला सांगायची, याला लवकर बैल कर.

मग तुम्ही लाखांदूरकडे तेरवीला गेले, चार दिवसांसाठी. आई धान चुरायला शेतातल्या खळ्यावर. मी अंगणात भांडी घासत होते. डॉक्टर आपल्या गल्लीत दुसऱ्या कुणाच्या गोऱ्ह्यासाठी आले होते. ते काम आटोपून आपल्या कुंपणापाशी थांबले. फटफटी बंदसुद्धा केली नाही. म्हणाले, "बाबा हायेत का? बांड्याचं काही बोलले का ते?"

मी म्हटलं, "हो. डॉक्टर आले तं करून घ्या म्हणले."

बस, एवढंच बोलले. आजही मला वाटतं की ते वाक्य मी ठरवून बोलले नाही, ते तोंडात तयारच होतं. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बांड्याकडे. "दात पाहिले म्हणता?" मी मान हलवली. या गोष्टी मुली बोलत नाहीत, त्यामुळे मुलगी बोलते आहे म्हणजे घरून नक्कीच सांगून ठेवलं असणार, असं त्यांना वाटलं असेल. आणि तुमच्या शब्दापुढे ते स्वतःचा अंगठा कशाला चालवणार? त्यांनी फटफटी बंद केली, गल्लीतले दोघे बोलावले. मी आत गेले. दाराच्या फटीशी या वेळी गेले नाही. कानात बोटं घालून तांदळाच्या कोठीला टेकून बसले. बांड्या एकदाच ओरडला.

आई आली तेव्हा तिला वाटलं तुम्हीच सांगून गेले असाल. तुम्ही आले तेव्हा पायांवर पाणीही घेतलं नाही, सरळ गुरांच्या कोठ्यात गेले. मी चुलीपुढे होते. तुम्ही बराच वेळ बाहेर आले नाही. आले ते आईला म्हणाले, "अदात होता तो. वर्साचा नाई झाला नीट." आई म्हणाली, "तुमीच तं सांगून गेले होते." तुम्ही टोपी घातली आणि दवाखान्याकडे चालू लागले. मी तुमच्या पाठीकडे बघत होते आणि मला वाटत होतं, आता परत येतील आणि मारतील. तुम्ही कधी कुणाला मारलं नव्हतं, तरी वाटत होतं. तासाभरानं तुम्ही परत आले, जेवायला बसले. मी भात वाढला, वरण वाढलं. तुम्ही भात कालवला आणि ताटाकडे बघत म्हणाले, "घाई जनावराले नव्हती." पुढे कुणाचं नाव नाही, काही नाही. जेवून उठले. मी समजले, तुम्ही डॉक्टरांना म्हणताय. डॉक्टरांनी माझं नाव सांगितलं नाही असंच मी धरून चालले, आणि सुटले असं वाटून त्या दिवशी पोटभर जेवले.

बांड्या तुम्ही म्हणायचे तसाच झाला. काळ्याहून वीतभर उंच, पाय लांब आणि मान बारीक, वशिंड तर नावालाच. जू त्याच्या बाजूला वर जायचं आणि काळ्याच्या बाजूला झुकायचं. बांधीत चिखल करताना काळा ओढायचा आणि बांड्याचा खांदा घासायचा. तुम्ही जुन्या गोधडीचा तुकडा घडी करून त्याच्या बाजूला जुवाला बांधला. दरवर्षी पावसात धान रोवण्याच्या दिवसांत ती गोधडी भिजून जड व्हायची, दरवर्षी तुम्ही ती सोडून वाळवायचे, तरी खांद्यावरची कातडी जायचीच. संध्याकाळी तुम्ही हळद-तेल लावायचे. लोक म्हणायचे, विकून टाका, दुसरा घ्या. तुम्ही म्हणायचे, "याले कोन घेईल? अन जो घेईल तो कायले घेईल?" असा तो आपल्याकडे मरेपर्यंत राहिला. मधल्या काळात माझी दहावी झाली, नर्सिंग झालं, लग्न झालं आणि मुलगी झाली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायचे असतात. तुपात हळद कालवून पळसाच्या पानानं खांद्यावर लावायची आणि म्हणायचं, आज आवतन घे, उद्या जेवाले ये. घरात हे काम बाप्यांचं. बांड्या जुवाला लागला त्या वर्षी तुम्ही काळ्याचा खांदा शेकला आणि वाटी माझ्या हातात दिली. "बांड्याचा तू शेक." आई म्हणाली, पोरीची जात, तिले कायले? तुम्ही म्हणाले, "शेकू दे." मी भीत भीत गेले. खच्ची केल्यापासून तो नरम पडला होता, मला मारत नव्हता. मी पान बुडवून त्याच्या खांद्याला लावलं. कातडी गेलेल्या जागी तूप लागलं की त्याची सगळी पाठ थरथरायची, पण तो हलायचा नाही. मी आवतन दिलं. पुढच्या वर्षी तुम्ही परत वाटी दिली. त्याच्या पुढच्या वर्षीही. लग्न झाल्यावर पोळ्याला मला माहेरी बोलावणं यायचं ते त्यासाठीच, बाकी बहिणींना राखीला बोलवायचे. मला वाटायचं, मी थोरली, लाडाची, म्हणून मान देतात. सासरी मी मिरवून सांगायची की आमच्याकडे बैलाचा खांदा मी शेकते.

आणि ते लग्नाचं. मी बारावी झाले तेव्हा आत्या पवनीहून स्थळ घेऊन आली. मुलगा सोसायटीत नोकरीला, घरचं तळं, घरची गाडी. आत्या म्हणाली, वय झालं, आता नाई केलं तं कवा करतं? काका पण तिच्या बाजूनं. आई गप्प, म्हणजे तिच्याही मनात होतं. सगळे ओसरीत बसले होते आणि मी आत चहा गाळत होते. तुम्ही म्हणाले, "थांबा. घाई कोनाले हाये? तिले का तुमाले?" आत्या हसून म्हणाली, "मंग का आता पोरीचे दात पाहून ठरवतं का, भाऊ?" सगळे हसले. तुम्ही नाही हसले. तुम्ही मला बाहेर बोलावलं, चहाचा ट्रे हातात तसाच, आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, तू सांग. कवा कराचं?" मला कुणी असं कधी विचारलं नव्हतं, गावात कुठल्याच मुलीला कुणी विचारत नव्हतं. मी म्हटलं, नर्सिंगचं करायचं आहे, त्याच्यानंतर. तुम्ही आत्याकडे वळून म्हणाले, "आयकलं? मंग तवाच." त्या एका वाक्यावर माझा जन्म उभा आहे. तुमचे उपकार मी तुम्हाला कधी बोलून दाखवले नाहीत, आज दाखवते.

नोकरीत तीस वर्षं बायांना कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या शिबिराला नेलं. बायांची आणि जनावरांची बरोबरी मी करत नाही, तसं कुणी केलं तर भांडते. पण एक सवय मला लागली ती त्या कुंपणापाशीच लागली असावी. कागदावर अंगठा घेण्याआधी मी सासूला आणि नवऱ्याला बाहेर काढते आणि बाईला एकटीला विचारते, तुला स्वतःला करायचं आहे का? माझे डॉक्टर साहेब वैतागतात, सिस्टर, बाहेर रांग लागली आहे. लागू दे. घरून हो आलं, या शब्दांवर माझा विश्वास नाही.

एवढी शहाणी मी, आणि भुरीच्या वेळी काय केलं ते ऐका. डॉक्टरिणीनं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. मोठ्या हाडाची जात असती तर वाढ पुरी होईपर्यंत थांबा म्हटलं असतं. ही आपली गावठी, मध्यम अंगाची. हिला सहा महिन्यांच्या आसपास, पहिल्या माजाच्या आत केलेलं चांगलं; पुढे गर्भपिशवी सडण्याची भीती राहत नाही, गाठी होण्याची भीती कमी होते. लसी झाल्या आहेत, वजन बरोबर आहे, पुढच्या आठवड्यात आणा. मी हो म्हणून आले. आणि त्या दिवशी सकाळी फोन करून सांगितलं, आज जमत नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, पाहुणे आहेत. शेजारची म्हणत होती एक वेत होऊ द्या, कुत्रीचा जीव शांत होतो. ते खोटं आहे हे मला कळत होतं, तरी मी ते कान देऊन ऐकायची. आमच्या घरचे म्हणाले, करायचं तर करून टाक, नाही तर नको करू, पण रोज रोज तिचं तोंड उघडून दात काय बघते? तिसऱ्यांदा मी स्वतः दवाखान्यात जाऊन सांगितलं, माझे बाबा म्हणायचे, घाई करू नये, लवकर केलं तर मान भरत नाही, खांदा बारीक राहतो.

डॉक्टरीण हसली नाही, शहाणी आहे. म्हणाली, "ताई, ते बैलाचं आहे. त्याला जू ओढायचं असतं. हिला काय ओढायचंय?"

ते मला पटलं. आणि तरी मी नेलं नाही. कागदावर सही करायची वेळ आली की मला कोठीला टेकून बसलेली मी दिसायची.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. भुरी आठव्या महिन्यात माजावर आली. फाटकाबाहेर गल्लीभरचे कुत्रे. आमचे हे काठी घेऊन पहारा देत होते, आणि दहाव्या की अकराव्या दिवशी मागचं दार मीच उघडं टाकलं, वाळवणाचे पापड काढायला. दोन महिन्यांनी ती व्याली. स्वतःच पोर, अंगावर मांस नाही. तिला काय होतंय तेच कळत नव्हतं, पहिलं पिल्लू आलं तेव्हा त्याला भिऊन ती पळाली. पाच झाली. मी नर्स, आयुष्यभर बाळंतपणं केली, पण दूधच पुरत नसेल तर मी तरी काय करणार? ड्रॉपरनं पाजलं. तीन गेली. ती मी मागच्या बाजूला, कढीलिंबाखाली पुरली. भुरी तिथं जाऊन जमीन हुंगायची आणि माझ्याकडे बघायची. दोन जगली, एक आमच्या आरोग्य केंद्रातल्या शिपायानं नेलं आणि एक दूधवाल्यानं. त्या दोन महिन्यांत भुरीच्या बरगड्या मोजता यायच्या. तिच्या पाठीवरून हात फिरवताना मला बांड्याचा खांदा हाताला लागायचा.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. बांड्याच्या वेळी घाई त्याला नव्हती, मला होती. भुरीच्या वेळी उशीर तिला नको होता, मलाच हवा होता. तुमचा नियम मी पाठ केला आणि त्यातलं मुख्य तेवढं सोडलं, की त्याले पाह्य ना. मी दोन्ही वेळा जनावराकडे पाहिलंच नाही, माझ्याकडेच पाहिलं. आणि दोन्ही वेळा भोगलं जनावरानं.

पिल्लं सुटली, भुरीचं दूध आटलं, अंग जरा भरलं, आणि परवा तिला नेलं. दवाखान्यात एक कागद देतात. जनावराचं नाव, रंग, वय, आणि खाली मालकाची सही. हे म्हणाले, दे, मी करतो. मी म्हटलं, नाही, माझी. वयाच्या रकान्यात मी महिने लिहिले. तासाभरानं भुरीला बाहेर आणलं, जीभ लोंबत होती, डोळे अर्धे उघडे. डॉक्टरीण म्हणाली, सगळं व्यवस्थित झालं, दहा दिवसांनी टाके काढू. मी तिला उचलून गाडीत ठेवलं आणि मग मला रडू आलं, बाबा. ह्यांना वाटलं कुत्रीसाठी. थोडं तिच्यासाठी होतंच.

तुम्ही दवाखान्याकडे गेले होते त्या दिवसानंतर चार-आठ दिवसांत डॉक्टर परत आपल्या अंगणात चहा पीत बसले होते. तुमचं पान खात होते. बदली होऊन गेले तेव्हा तुम्ही त्यांना तांदळाचं पोतं पोचवलं. ज्या माणसानं तुमचा गोऱ्हा बिघडवला त्याच्याशी तुम्ही असे वागले असते का? डॉक्टरांनी त्या दिवशीच सगळं सांगितलं असणार. म्हणजे ताटाकडे बघून जे बोलले ते तुम्ही मलाच बोलले. वाटी हातात दिली ती लाडानं नाही. निदान नुसत्या लाडानं नाही. आणि ओसरीत सगळ्यांसमोर मला विचारलं तेव्हाही तुम्हाला माहीत होतं की ही पोरगी कशी आहे. तरी विचारलं.

शेवटच्या आजारपणात मी रजा काढून सानगडीला आले होते. दुपार होती, आई भांडी विसळत होती, मी तुमचे पाय चेपत होते. तुम्ही आढ्याकडे बघत अगदी सहज विचारलं, जसं एखाद्या बांधीत यंदा कोणतं धान टाकलं ते विचारावं तसं. "बाई, बांड्याचं डाक्टरले तूच सांगतलं होतं ना?" बांड्या जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी पस्तिशीची, एका मुलीची आई, सरकारी नोकरीतली. आणि मी म्हटलं, "नाई, बाबा. मले नाई मालूम."

तुम्ही म्हणाले, "बरं." मग पाणी मागितलं. मी दिलं.

हे कागद मी भुरीच्या लसीच्या कार्डासोबत फाईलमध्ये ठेवते आहे, दुसरी जागा सुचत नाही. विचारलं होतं त्याचं उत्तर तेवढं लिहिते. हो, बाबा. मीच सांगितलं होतं.